वाय खुर्ची बनवली कोणी? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात डॅनिश फर्निचरच्या पानावर एका खुर्चीचा फोटो छापला होता, पाठीत इंग्रजी वाय अक्षरासारखी पट्टी असलेली, आणि फोटोखाली फक्त 'हान्स वेग्नर यांची खुर्ची, १९४९' एवढीच ओळ होती. त्यावर खूप पत्रं आली, काही तर चक्क रागावलेली. राग बरोबरच आहे, ओळ अर्धवटच होती. वेग्नरनी ती खुर्ची कल्पली हे खरं, पण ती रोज घडवून, विकून, पडत्या काळातही चालू ठेवून आजपर्यंत आणली ती एका सुतार घराण्याने, आणि त्यांचं नाव आपल्या पानावर कुठेच नव्हतं. ही चूक माझी. म्हणून हे सगळं सदर आज त्यांनाच दिलंय.

प्रश्न : मी आरहूसला राहते. इथे दुकानात सगळे या खुर्चीला 'कार्ल हान्सनची' म्हणतात. हा कार्ल हान्सन कोण? त्यानेच वेग्नरकडून डिझाइन करून घेतलं का?

ताई, कार्लने नाही, त्याच्या मुलाने. पण सुरुवात कार्लपासूनच करावी लागेल. १९०८ साली ओडेन्स गावात कार्ल हान्सनने स्वतःची सुतारकामाची कार्यशाळा टाकली. ओडेन्स म्हणजे फ्यून बेटावरचं मोठं गाव, परीकथा लिहिणाऱ्या अँडरसनचं जन्मगाव. कार्ल ऑर्डरप्रमाणे फर्निचर करून द्यायचा, गिऱ्हाईक सांगेल तसं, त्या काळच्या चालीचं, आणि काम चोख होतं म्हणून धंदा वाढत गेला. पुढे कार्ल आजारी पडला तेव्हा मुलगा होल्गर तरुण वयातच कामात उतरला आणि १९४० च्या दशकात कंपनी त्याच्याच हातात आली. कंपनीचं पूर्ण नाव 'कार्ल हान्सन अँड सन', त्यातला 'सन' तो हाच.

होल्गरपुढची अडचण अशी की युद्ध संपलं होतं, लोक लहान फ्लॅटमध्ये राहायला लागले होते आणि वडिलांच्या पद्धतीचं जड फर्निचर त्या घरांत मावत नव्हतं, आवडतही नव्हतं. अशा वेळी आयविंड कोल्ड क्रिस्टेन्सन नावाच्या एका विक्रेत्याने त्याला सांगितलं की कोपनहेगनच्या प्रदर्शनात हान्स वेग्नर नावाच्या माणसाचं काम बघ, आपल्याला असा माणूस पाहिजे. डॅनिश फर्निचरच्या इतिहासात डिझायनरांवर पानंच्या पानं लिहिली जातात, पण ही जोडी जमवणारा माणूस विक्री खात्यातला होता. गिऱ्हाइकाला काय हवंय हे त्यालाच तर आधी कळणार ना.

वेग्नर तेव्हा पस्तीस वर्षांचे होते. जर्मन सरहद्दीजवळच्या टोंडर गावातल्या चांभाराचा मुलगा, कोवळ्या वयात सुताराकडे उमेदवारीला लागलेला, शाळेत डिझाइन शिकायच्या आधी पटाशी आणि रंधा हातात धरलेला. या गोष्टीने फार फरक पडतो बरं का. लाकूड कुठे वाकतं आणि कुठे फाटतं हे ज्याच्या हाताला माहीत असतं तो कागदावर रेघ मारतानाच जपून मारतो.

१९४९ मध्ये वेग्नरनी होल्गरसाठी खुर्च्यांचं काम सुरू केलं आणि १९५० मध्ये पहिल्या चार बाजारात आल्या. त्यांची नावं म्हणजे नुसते नंबर, सीएच २२, २३, २४, २५, आणि सीएच म्हणजे कार्ल हान्सन. त्यातली सीएच २४ म्हणजे आपली वाय खुर्ची, जिला इंग्रजीत विशबोन म्हणतात. (त्याच सुमारास डिझाइन केलेली सीएच २६ मात्र नमुन्यापाशीच थांबली होती, ती थेट २०१६ मध्ये उत्पादनात आली!) वाय खुर्ची १९५० पासून आजतागायत एकदाही बंद पडलेली नाहीये.

आता होल्गरचं धाडस समजायला एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळी कोपनहेगनमध्ये सुतारांच्या गिल्डचं, म्हणजे संघाचं, दरवर्षी प्रदर्शन भरायचं, १९२७ पासून १९६६ पर्यंत, आणि तिथे एकेक उस्ताद सुतार एकेका डिझायनरबरोबर जोडी करून आपली उत्तमातली उत्तम वस्तू मांडायचा. त्या वस्तू थोड्याच बनत, महाग असत. होल्गरला तसं नको होतं, त्याला यंत्रावर बनेल, जास्त संख्येने बनेल, पण हाताला लागताना सुतारकामच वाटेल अशी खुर्ची हवी होती. म्हणजे वेग्नरना अशी खुर्ची काढायची होती की जिचे भाग यंत्र कापेल आणि शेवटचा हात माणूस फिरवेल. वाय खुर्चीचा मागचा पाय बघा, तो इतका वळणदार दिसतो की वाटतं एखाद्याने लाकूड पिळून काढलंय, पण तो सपाट फळीतूनच कापलेला असतो, वाफेने वाकवलेला नसतो, नुसत्या आकारामुळे नजरेला तो दोन्ही बाजूंनी वळल्यासारखा वाटतो. वर हात टेकवायला जो अर्धगोल दांडा आहे तो मात्र खरोखर वाफ देऊन वाकवतात. एका खुर्चीमागे शंभराच्या वर टप्पे आहेत आणि त्यातले बरेचसे आजही हाताने होतात.

विक्रीची युक्तीही ऐकण्यासारखी आहे. १९५१ मध्ये कोल्ड क्रिस्टेन्सनच्या पुढाकाराने पाच कारखाने एकत्र आले आणि सेल्सको नावाची संस्था काढली. पाचही जण वेग्नरचीच डिझाइन्स करायचे पण कोणी कोणाच्या ताटात हात घालायचा नाही, कार्ल हान्सनने खुर्च्या करायच्या, आंद्रेआस टुकने टेबलं, रू मोब्लरने कपाटं, ए. पी. स्टोलेनने गादीच्या मोठ्या खुर्च्या आणि गेटामाने पलंग-सोफे. (गेटामा हे नाव मला फार आवडतं, गेडस्टेड गावातला समुद्री शेवाळाचा आणि गाद्यांचा कारखाना असा त्याचा मूळ अर्थ, कारण ते सुरुवातीला गाद्यांमध्ये वाळवलेलं समुद्री शेवाळ भरायचे.) एका माणसाच्या हातचं सगळं घर मिळतंय म्हटल्यावर परदेशातल्या दुकानदारांना ते सोपं पडलं.

आणि मग १९६२ मध्ये होल्गर गेला. इथे मला थोडं थांबायचंय. बहुतेक लेखांत यापुढे एकच ओळ असते, 'त्यानंतर कंपनी पत्नी एला हिने सांभाळली', आणि लगेच पुढचं वाक्य मुलावर जातं. पण ती एक ओळ म्हणजे २६ वर्षं आहेत हो! १९६२ ते १९८८. होल्गरने स्वतः जेवढी वर्षं ही कंपनी चालवली त्याहून जास्त. आणि ती वर्षं सोपी होती का, तर अजिबात नाही, साठच्या दशकाच्या शेवटी प्लास्टिक आलं, झगमगीत रंग आले, इटालियन डिझाइनची लाट आली, १९६६ मध्ये गिल्डचं ते प्रदर्शनही बंद झालं आणि एकामागून एक कार्यशाळांना कुलपं लागली. या सगळ्यात कागदी दोरीने विणलेली लाकडी खुर्ची करत राहायचं, कारागीर टिकवायचे, नमुने आणि साचे जपायचे, हे एलाच्या काळात झालं. वाय खुर्ची एकदाही बंद पडली नाही असं आपण मघाशी म्हटलं ना, त्यातला सगळ्यात अवघड भाग तिच्या वाट्याचा आहे, म्हणून फोटोखाली पुढच्या वेळी काही लिहायचं तर मला तिचं नाव हवंय.

१९८८ मध्ये मुलगा यॉर्गन आला आणि २००२ मध्ये धाकटा भाऊ क्नुड एरिक, जो आधी बरीच वर्षं परदेशात वेगळ्याच नोकरीत होता. त्याच्या काळात कंपनी झपाट्याने वाढली. कारखाना ओडेन्समधून हलला पण फ्यून बेट सोडलं नाही, आता गेल्सटेडला आहे. २०११ मध्ये त्यांनी रुड. रासमुसेन ही १८६९ ची कोपनहेगनची जुनी कार्यशाळा घेतली. कोर क्लिंट, ज्यांनी १९२४ मध्ये तिथल्या आर्ट अकॅडमीत फर्निचरचं शिक्षण सुरू केलं आणि माणसाच्या शरीराची मापं घेऊन फर्निचर करायला शिकवलं, त्यांचं काम या रासमुसेनकडे व्हायचं. म्हणजे आज गुरू आणि पुढच्या पिढीचे वेग्नर, दोघांच्या खुर्च्या एकाच घरात बनतात.

प्रश्न : कार्ल हान्सन, फ्रिट्झ हान्सन, योहानेस हान्सन... हे सगळे भाऊ-भाऊ आहेत का? माझा पार गोंधळ झालाय.

तुमचा एकट्याचा नाही, सगळ्यांचाच होतो. नातं काही नाही. हान्सन म्हणजे मुळात 'हान्सचा मुलगा', डेन्मार्कमध्ये हे आडनाव पावलोपावली भेटतं.

फ्रिट्झ हान्सन ही सगळ्यात जुनी, १८७२ पासूनची, आणि ती आर्ने याकोबसेन या डिझायनरमुळे ओळखली जाते. १९५२ ची मुंगी खुर्ची, १९५५ ची सेव्हन, आणि कोपनहेगनच्या एसएएस हॉटेलसाठी केलेल्या एग आणि स्वान, या सगळ्या त्यांच्या. वेग्नरनी त्यांच्यासाठीही काम केलंय. १९४४ ची चायना चेअर फ्रिट्झ हान्सनची, आणि चीनच्या मिंग काळातल्या खुर्च्या बघून जी खुर्च्यांची मालिका वेग्नरना सुचली तिची ती सुरुवात. वाय खुर्ची त्याच घराण्यातली धाकटी बहीण म्हणा.

योहानेस हान्सन हे कोपनहेगनचे उस्ताद सुतार, गिल्डच्या प्रदर्शनातली वेग्नरची जोडी त्यांच्याबरोबर. १९४९ ची राउंड चेअर त्यांनीच बनवली, आणि १९६० मध्ये अमेरिकेत केनेडी आणि निक्सन यांची पहिली टीव्हीवरची चर्चा झाली तेव्हा दोघांना बसायला तीच खुर्ची होती. इतकं असूनही ही कार्यशाळा पुढे बंद पडली आणि वेग्नरचं ते काम अलरॉडच्या पीपी मोब्लर या कार्यशाळेकडे गेलं, ज्यांनी १९५३ मध्ये सुरुवात केली होती आणि आजही ते राउंड चेअर करतात. म्हणजे एकाच साली, एकाच माणसाच्या हातून, दोन हान्सनांकडे दोन खुर्च्या जन्मल्या आणि त्यातलं एक घर उरलं, एक नाही. म्हणून तर मी वर एलाबद्दल एवढं लिहिलं.

प्रश्न : सीट कागदाची आहे हे वाचून विश्वासच बसला नाही. कागद फाटत नाही का? आणि मुळात कागदच का?

का, याचं उत्तर टंचाई. युद्धात डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात होता, बाहेरून येणारं सामान बंद झालं, समुद्री गवत, ताग अशा दोऱ्यांची वानवा झाली आणि सुतार कागदाच्या दोरीकडे वळले. युद्ध संपल्यावर सोडून द्यायचं तर तसं झालं नाही, कारण दोरी चांगली निघाली. वेग्नरचा मित्र बोर्गे मोगेन्सन याने १९४७ मध्ये एफडीबी या सहकारी संस्थेसाठी जी साधी, सगळ्यांना परवडेल अशी जे ३९ खुर्ची केली तिच्यावरही हेच विणकाम असतं.

फाटण्याचं म्हणाल तर तुम्ही वहीचा कागद डोळ्यांपुढे आणताय. हा कागद घट्ट पिळलेला असतो, तीन पेड एकमेकांभोवती वळलेले, बोटाने दाबून बघितलं तर लाकडी काडीसारखा कडक लागतो. एका वाय खुर्चीला अशी सुमारे १२० मीटर दोरी लागते आणि सरावलेला विणकर ती तासाभरात विणतो. याच कंपनीच्या सीएच २५ आरामखुर्चीला, जिची पाठही विणलेली आहे, साधारण ४०० मीटर लागते.

मी डेन्मार्कमध्ये होते तेव्हा एका विणकाराच्या शेजारी बसून एक सीट विणायचा प्रयत्न केला होता. तासाभरात काय, दिवस गेला. पहिली अडचण म्हणजे सीट चौकोनी नसतेच, पुढे रुंद आणि मागे अरुंद, म्हणून आधी पुढचे दोन कोपरे भरत जायचे, इकडे एक वेढा, तिकडे एक वेढा, मधली जागा मागच्या दांड्याएवढी उरली की मग खरं विणकाम सुरू. दोरी दांड्यावरून खाली, खालून वर, बाजूच्या दांड्यावरून पुन्हा खाली, मग समोरच्या कोपऱ्यात, असं चारही कोपरे गोल फिरत राहायचं आणि हळूहळू चार त्रिकोण मध्याकडे सरकत येतात, पाकिटाच्या मागच्या बाजूसारखे. बाज विणणारा जसा प्रत्येक फेरीला दोरी ताणून पाय लावतो तसंच इथेही ताण हेच सगळं काम आहे. एक फेरी सैल गेली की पुढच्या दहा फेऱ्या वाकड्या दिसतात. माझी चौथी-पाचवी फेरी सैल गेली होती, विणकाराने काही न बोलता अंगठ्याने ती ओळ दाबून दाखवली आणि मी सगळं उसवलं. संध्याकाळी तर्जनीच्या आतल्या बाजूला दोरीचा लाल वळ उमटला होता. तेव्हापासून या खुर्चीवर बसताना मी आधी एकदा वाकून सीट बघते.

जपायचं कसं, तर पाणी सांडलं की लगेच टिपून घ्या, डाग असेल तर घट्ट पिळलेल्या कपड्याने हलकेच पुसा, ओली सीट वाळेपर्यंत बसू नका. आणि विणकाम गेलंच तर खुर्ची टाकायची नसते, दोरी काढून नवी विणता येते, सांगाडा तोच राहतो.

प्रश्न : डेन्मार्कात साग उगवत नाही, मग डॅनिश फर्निचर म्हटलं की सागवानच का डोळ्यांपुढे येतं?

कारण युद्धानंतर आग्नेय आशियातून साग मुबलक यायला लागला आणि परदेशातल्या गिऱ्हाइकांना त्याचा रंग आवडला. पण साग कापणं सोपं नाही, त्यात सिलिका, म्हणजे वाळूत असतो तो कठीण पदार्थ असतो, साध्या पात्याची धार बघता बघता जाते. ज्यांनी कठीण धातूची पाती वापरून साग कारखान्यात आणला त्यात फ्रान्स अँड डावरकोसेन ही कंपनी पुढे होती, पुढे तिचंच फ्रान्स अँड सन झालं. फ्रान्स हे मालकाचं आडनाव, तो इंग्रज होता आणि आधी गाद्या बनवायचा! त्यांनी खुर्च्या सुट्या भागांत पॅक करून परदेशी धाडल्या आणि साग जगभर पोचला. वाय खुर्ची मात्र मुख्यतः ओक, बीच अशा तिकडच्याच लाकडांतली, म्हणून ती फिकट दिसते.

प्रश्न : ओडेन्सच्या जुन्या बाजारात मला वाय खुर्ची स्वस्तात मिळाली. घरी आणल्यावर शंका आली. खरी कशी ओळखायची?

पत्राबरोबर फोटो नव्हता त्यामुळे छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण खुर्ची उलटी करा आणि मी सांगते तसं बघत जा. सांगाड्याच्या आतल्या बाजूला शिक्का किंवा लेबल आहे का ते पहिलं बघा, काही जुन्या डॅनिश फर्निचरवर 'डॅनिश फर्निचरमेकर्स कंट्रोल' असं लिहिलेली गोल चकती पण असते. मात्र नुसत्या लेबलावर जाऊ नका, लेबल पडतंही आणि चिकटवताही येतं.

त्यापेक्षा लाकडाला विचारा. वरच्या अर्धगोल दांड्यावरच्या रेषा बघा, वाफेने वाकवलेल्या लाकडात रेषा वळणाबरोबर वळतात, तुकडे जोडून आकार कापला असेल तर रेषा मध्येच तुटतात. मागचे पाय वर जाताना बारीक होत, वळत दांड्याला भिडतात, नकलेत ते बहुधा एकसारख्या जाडीचे आणि ताठ असतात. पाठीतली वाय पट्टी पातळ थर दाबून बनवलेली असते, ती हलकी वळलेली असायला हवी, सपाट फळी नको. आणि सीटच्या खालची बाजू, तिथे सगळे खोटं पकडतात, चांगल्या विणकामात खालूनही ओळी सरळ आणि भरगच्च दिसतात. मापंही घ्या, रुंदी साधारण ५५ सेंटीमीटर आणि उंची ७६ च्या आसपास.

मी स्वतः एकदा फसलेय. एका दुकानातून दोन खुर्च्या घेतल्या, लेबल होतं, वाय होता, सगळं होतं, आणि वर्षभरात एकीचा मागचा पाय सांध्यापाशी हलायला लागला. उघडून बघितलं तर आत सांधा नव्हताच, नुसते स्क्रू आणि वरून पुट्टी. तेव्हा जे बघायला शिकले तेच वर लिहिलंय.

नकलांचा त्रास कंपनीलाही आहेच. जपानमध्ये ही खुर्ची इतकी लाडकी आहे की तिथे तिचा आकार हाच ट्रेडमार्क मानावा का हा प्रश्न कोर्टात गेला आणि २०११ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. नाव न वाचता, नुसता आकार बघून लोक सांगतात की ही कोणाकडची, असा त्याचा अर्थ.

प्रश्न : आमच्या ओकच्या खुर्चीला दुकानदाराने 'साबणाने पुसा' सांगितलं. लाकडाला साबण?

हो, बरोबर सांगितलंय, ही डेन्मार्कमधली जुनी रीत आहे. पण तुमची खुर्ची साबणाच्या फिनिशची आहे ना याची आधी खात्री करा, लॅकर किंवा तेल लावलेल्या खुर्चीला हे लागू नाही. भांड्यांचा किंवा अंगाचा साबण घ्यायचा नाही, नैसर्गिक साबणाचे पांढरे पापुद्रे मिळतात ते कोमट पाण्यात विरघळवायचे, कपडा बुडवून पिळायचा आणि सगळ्या लाकडावरून एकसारखा फिरवायचा, नुसत्या डागावर घासलं तर तिथे वेगळा ठिपका दिसतो. थोड्या वेळाने स्वच्छ पिळलेल्या कपड्याने पुसून घ्यायचं. वाळल्यावर लाकूड खरखरीत लागलं तर अगदी बारीक सँडपेपर, तोही लाकडाच्या रेषेच्या दिशेने, आणि पुन्हा एक हात साबणाचा. हे करताना साबणाचं पाणी दोरीवर जाऊ देऊ नका, दांड्याच्या कडेशी कपडा बोटाला गुंडाळून पुसा.